वन्संची मोटार, माझी पावती

आयुष्यात मी चुका पुष्कळ केल्या. त्यातल्या बऱ्याचशा आमच्या ह्यांच्या नावावर खपवल्या, काही मुलांच्या नावावर, आणि उरलेल्या वयाच्या. पण एक चूक अशी आहे की तिच्यावर माझ्याशिवाय दुसरं कोणी हक्क सांगूच शकत नाही. अठराव्या वर्षी, भर दुपारी, पूर्ण शुद्धीत असताना, मी एका बाईच्या मोटारीचा कागद ती मोटार गिळायला टपलेल्या माणसाच्या हातात आणून ठेवला. वर त्याला शिरा केला. शिऱ्यात बेदाणे घातले. घरातल्या मांजरापासून दारच्या पाणक्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेणारी मी... आणि ज्याच्यावर घ्यायचा, त्याला विचारत होते, ‘‘अजून थोडा वाढू का?’’

ती मोटार माझ्या वन्संची, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीची. त्या गेल्याला आता महिना होईल. नव्वदी कधीच ओलांडली होती. शेवटची काही वर्षं त्या नाशिक रोडला माझ्या नातवाकडे, शिरीषकडे, राहत होत्या. सकाळी त्याचा फोन आला, ‘‘आजी, मोठ्या आजी गेल्या.’’ मी विचारलं, ‘‘कुठे?’’ आणि वर म्हटलं, ‘‘अरे नीट बघ. मागे एकदा कोण तो दूरचा भाचा गप्पा मारायला आला होता, तेव्हाही अशाच पडून राहिल्या होत्या. त्यानं रडायला तोंड उघडलं तसा एक डोळा उघडून म्हणाल्या, चहा घेतल्याशिवाय जाऊ नकोस.’’ शिरीष म्हणाला, ‘‘नाही आजी, या वेळी खरंच.’’ मी गेले, पाहिलं, तरी पाच मिनिटं त्या डोळ्याकडे लक्ष ठेवून बसले होते. साठ वर्षांची सवय अशी एका फोनवर जात नाही.

मग शिरीष मृत्यूच्या दाखल्यासाठी फिरला. अमुक कागद हवा, तमुक कागद हवा, जन्मतारीख कुणालाच धड ठाऊक नाही. घरी येऊन बिचारा म्हणाला, ‘‘आजी, माणूस गेल्याचं सिद्ध करायलासुद्धा केवढे कागद!’’ मला हसू आलं, आणि ते लपवायला पदर तोंडाला लावला तर लोकांना वाटलं मी रडतेय. वन्संना कागदाचं काय वेड होतं ते या पोराला काय माहीत. आणि ते वेड त्यांना लावलं कुणी, ते तर फक्त मला माहीत.

मी सिन्नरच्या पोस्टमास्तरांची मुलगी. लग्न होऊन नाशकात भद्रकालीजवळच्या घरात आले तेव्हा एकोणीसशे सदतीस-अडतीसचा सुमार असेल. निघताना आईनं कानात सांगितलं होतं, ‘‘नव्या घरी डोळे उघडे ठेव आणि तोंड बंद.’’ तोंडाचं मला जमलं नाही, डोळ्यांचं मात्र मनावर घेतलं. सासूबाई दुपारी निजायच्या, हे शाळेत शिकवायला जायचे, आणि उघड्या डोळ्यांनी बघण्यासारखं घरात एकच माणूस उरायचं, ते म्हणजे वन्सं. उंच, काटकीसारख्या, बोलणं मोजकं. यजमान येवल्याला डॉक्टर होते, ते विषमज्वरानं गेले तेव्हा वन्सं विशीच्या. सासरच्यांनी एका ट्रंकेसह माहेरी पाठवून दिलं. त्या रडत बसल्या नाहीत, मुंबईला जाऊन सुईणपण शिकून आल्या. रात्री-अपरात्री दारात टांगा उभा राहायचा, वन्सं पिशवी उचलायच्या आणि जायच्या. हे सगळं मला लग्नाआधीच सांगितलेलं होतं. जे सांगितलं नव्हतं ते मी शोधायला घेतलं.

पहिली गोष्ट म्हणजे गुरुवार. दर गुरुवारी जेवण झालं की वन्सं कुठेतरी जायच्या आणि दिवेलागणीआधी परत यायच्या. पिशवी न्यायच्या नाहीत. म्हणजे बाळंतपण नव्हे. दुसरी गोष्ट नखं. सुईणीची नखं कशी स्वच्छ हवीत; यांची गुरुवारी संध्याकाळी काळी, आणि परसात बसून राखेनं तासभर घासत. तिसरी गोष्ट सगळ्यात भयंकर. चातुर्मास चालू, आमच्या घरात कांदा उंबरठ्याच्या आत येत नव्हता, आणि गुरुवारी वन्संच्या अंगाला कांद्याचा वास! मी जवळून जाऊन खात्री करून घेतली. एकदा तर त्यांच्या केसात कांद्याचा पापुद्रा सापडला. मी तो हळूच काढून पुरावा म्हणून पोथीत ठेवलं. हसू नका... त्या वयात मला वाटायचं की या घराची अब्रू देवानं खास माझ्या हवाली केलेली आहे.

चौथी गोष्ट म्हणजे चिठ्ठ्या. वन्संच्या ट्रंकेची किल्ली देवघरात गणपतीच्या मागे असायची. मी ट्रंक उघडली ती, सासूबाईंना सांगितलं असतं तसं, साड्यांना हवा दाखवायला. साड्यांखाली पातळ कागदाच्या चार-पाच चिठ्ठ्या निघाल्या. पेन्सिलीनं काळ्याभोर घासलेल्या, आणि त्या काळ्यात पांढरे आकडे उमटलेले. सगळ्यांवर एकच नंबर. मुंबईत आकड्याचा जुगार चालतो असं मी ऐकून होते. त्यांच्या खाली एक जुनाट, पिवळा पडलेला, शिक्का मारलेला इंग्रजी कागद होता. तो मला वाचता आला नाही, म्हणून तोही संशयास्पद ठरला.

पाचवी गोष्ट करीमचाचा. पांढरी दाढी, तेलकट टोपी, मागच्या दारी येऊन उभे राहायचे. वन्सं बाहेर जायच्या आणि दोघं हळू आवाजात बोलायचे. मी शेगडीला वारा घालायच्या निमित्तानं खिडकीशी बसले तेव्हा एवढंच ऐकू आलं, ‘‘बाई, बाकी समदं झालं. आता अडलंय ते निस्तं कागदावर. कागदाबिगर काय खरं नाय.’’ झालं! कांदा, काळी नखं, जुगार, म्हातारा आणि कागद. एवढ्या सामानातून अठरा वर्षांच्या मुलीनं काय काय स्वयंपाक केला असेल तो मी इथे लिहीत नाही. वन्सं वर बसून वाचत असतील. ह्यांच्या कानावर घातलं तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘‘अक्का वावगं काही करत नाही. आणि केलंच, तर नीट करेल.’’ ह्यांनाही सामील धरून मी संशयितांच्या यादीत घातलं.

अशा वेळी नाना आले. वन्संचे धाकटे दीर, येवल्याचे, शेतीवाडी असलेले, कांद्याचे व्यापारी. दुपारची वेळ होती. सासूबाई शेजारी कीर्तनाला, वन्सं दवाखान्यात, हे शाळेत. नानांनी नेमकी ती वेळ कशी गाठली याचा संशय मला यायला हवा होता की नाही? नाही आला. कारण त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, खांद्यावर स्वच्छ उपरणं होतं, आणि त्यांनी मला ‘अहो वहिनी’ म्हटलं होतं. त्या घरात मला तोवर सगळे ‘इंदे’ म्हणून हाक मारत होते.

शिरा खाता खाता नानांनी माझ्या सगळ्या कोड्यांचा उलगडा केला. तो अर्धा खरा होता, म्हणून तर मी फसले. म्हणाले, दादांची, म्हणजे वन्संच्या यजमानांची, एक विलायती मोटार होती. पितळी दिव्यांची, जुन्या घडणीची. दादा गेल्यावर आमच्या कांदे साठवायच्या चाळीत दहा वर्षं आम्ही ती जिवापाड सांभाळली. आता आग्रा रोडच्या नाक्यावर तो म्हातारा मिस्त्री आहे ना, त्यानं आमच्या वहिनींना भुलवून मोटार नेली. उघडली, जोडली, चालू केली. आणि आता त्याचा डोळा कागदावर आहे...

‘‘कसला कागद?’’ मी विचारलं.

‘‘नोंदणीचा दाखला हो. दादांच्या नावाचा. तो कचेरीत दाखवल्याशिवाय मोटार रस्त्यावर आणता येत नाही. आणि एकदा का त्या म्हाताऱ्यानं तो आपल्या नावावर करून घेतला, की वहिनी बसल्या हात चोळत. त्या भोळ्या. तुम्ही आहात म्हणून सांगतो, तुम्हाला सगळं दिसतं.’’

तुम्हाला सगळं दिसतं! हे वाक्य ऐकायला मी चार महिने त्या घरात तळमळत होते. नाना म्हणाले, चार दिवस तो कागद माझ्याकडे सुरक्षित राहू द्या, म्हाताऱ्याचा धोका टळला की परत. मी गणपतीमागची किल्ली काढली, ट्रंक उघडली, आणि तो पिवळा कागद आणून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात पुढे केला... आणि मी कागद मागे घेतला. त्यात शहाणपण काहीच नव्हतं, नुसतं रक्त होतं. पोस्टमास्तरांच्या घरात सही घेतल्याशिवाय कुणी कुणाला रजिस्टर पत्र दिलेलं मी पाहिलं नव्हतं.

‘‘पावती?’’ मी म्हटलं.

नाना पोट धरून हसले. ‘‘वा! वकिलाला द्यायला हवी होती तुम्हाला. आणा कागद, सांगा काय लिहू.’’ मी ह्यांची दौत-टाक आणली, पदर सावरला, आणि वडील सांगायचे तशा आवाजात सांगितलं, ‘‘लिहा. माझ्या थोरल्या वहिनींच्या मालकीच्या मोटारगाडीचा नोंदणीचा दाखला, सांभाळण्यासाठी, आज रोजी मिळाला. मागताक्षणी परत करीन.’’ ‘मागताक्षणी’ हा शब्द मला तेव्हा फार आवडायचा. नानांनी हसत हसत लिहिलं, हसत हसत सही केली, तारीख घातली, आणि पेढ्यांच्या पुड्यातला एक पेढा स्वतःच खाऊन निघून गेले. पावती पुढच्या वेळी चूल पेटवताना जाईल, असंच त्यांना वाटलं असणार. मी ती पोथीत ठेवली, कांद्याच्या पापुद्र्याशेजारी.

गुरुवारी वन्संनी ट्रंक उघडली. मी स्वयंपाकघरात होते. आवाज काहीच आला नाही, आणि ते फार वाईट होतं. बाहेर येऊन पाहिलं तर त्या जमिनीवर बसलेल्या, भोवती साड्या पसरलेल्या. म्हणाल्या, ‘‘इंदे, इथला कागद?’’ मी छाती पुढे काढून सांगून टाकलं. मला वाटलं होतं, डोळे भरून येतील त्यांचे, मला जवळ घेतील. त्या ऐकत राहिल्या. मग एकेक साडी घडी करत, मला नाही, त्या साड्यांना सांगितल्यासारखं बोलल्या. नानांना चाळ रिकामी हवी होती. मोटारीत त्यांनी दहा वर्षं कांदे भरले होते. ‘‘हे डबडं घेऊन जा हो वहिनी, जागा अडलीय’’ असं चार माणसांत म्हणाले होते, तोंडी. करीमचाचांनी ती बैलगाडीवर घालून आणली. दर गुरुवारी वन्सं त्यांच्या हाताखाली बसून नट-बोल्ट रॉकेलनं धूत होत्या, गाद्यांमधली कांद्याची सालं उपसत होत्या. चिठ्ठ्या जुगाराच्या नव्हत्या. मोटारीच्या सांगाड्यावर नंबर ठोकलेला असतो, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, म्हणजे नंबर उमटतो. तो दाखल्याशी जुळला तरच कचेरी मानते. मोटार धावायला लागल्याचं नानांच्या कानावर गेलं, आणि डबडं एकदम दादांची आठवण झालं.

‘‘पण मोटार कशाला हवी वन्सं?’’ मी विचारलं. मला अजूनही तो प्रश्न आठवला की जीभ चावावीशी वाटते.

त्या म्हणाल्या, ‘‘गिरणाऱ्याच्या अलीकडे एक वस्ती आहे. फाल्गुनात निरोप आला. टांगेवाले तिकडे यायला तयार नाहीत, बैलगाडीनं गेले. मी पोचले तेव्हा बाई गेली होती. मूल पोटात हलत होतं... थोडा वेळ.’’ शेवटची साडी घडी झाली. ‘‘म्हणून हवी.’’

मी तिथेच बसले आणि भोकाड पसरलं. रडता रडता नाक पुसत म्हटलं, ‘‘पण वन्सं, मी पावती घेतलीय.’’ आता सांगते, त्यांनी तेव्हा कपाळावर हात मारला. पण पावती मागितली. एकदा वाचली. खिडकीशी नेऊन पुन्हा वाचली. मग घडी करून माझ्याच हातात दिली आणि म्हणाल्या, ‘‘कुणाला बोलायचं नाही.’’ एवढी कठीण शिक्षा मला त्याआधी कुणी दिली नव्हती, नंतरही नाही.

कचेरीत तपासणीचा दिवस ठरलेला होता. मोटारीचं काम तेव्हा पोलीस कचेरीतच चाले. पण गंमत अशी की नोंदणी जुनी झालेली मोटार रस्त्यावरून चालवायची नाही, आणि नोंदणी हवी तर मोटार तपासणीला कचेरीत आणायची. करीमचाचांनी एका ओळखीच्या शेतकऱ्याची बैलजोडी आणून मोटारीला जुंपली. आता जिथे द्वारकेचा चौक आहे, तिथे त्यांचं पत्र्याचं छप्पर होतं. तिथे मी ती मोटार पहिल्यांदा पाहिली. काळी, चकाकणारी, पितळी दिवे असे घासलेले की त्यात माझंच घाबरलेलं तोंड दिसत होतं. आणि पुढे दोन पांढरे बैल. करीमचाचांनी तोंड फिरवलं होतं. ‘‘माझी गाडी आन् बैल वढणार... अल्ला, डोळे मीट रे आजच्या दिस.’’

वन्सं चाक धरून बसल्या आणि मला म्हणाल्या, ‘‘चढ. चूक करायला एकटी होतीस, निस्तरायला दोघी.’’ मी नऊवारीचा काचा सावरत चढले. आग्रा रोडनं आमची वरात निघाली. टांगेवाल्यांना तर सणच. एक ओरडला, ‘‘ओ बाई, मोटारीला कडबा किती लागतो?’’ दुसरा म्हणाला, ‘‘हॉर्न वाजवा की, का बैलाचं शेपूट पिळता?’’ वन्सं सरळ समोर बघत होत्या. करीमचाचा बाजूनं चालत होते, ते म्हणाले, ‘‘हसा लेको. परतीच्या वक्ताला बगा.’’ मी मात्र पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला होता, आणि कमरेला खोचलेली पावती जागेवर आहे ना ते दर दहा पावलांनी चाचपत होते. ती मला टोचत होती. अजून टोचते.

कचेरीत नाना आधीच बसलेले, पायावर पाय टाकून. त्यांच्या हातात दाखला होता, आणि सोबत लेखी हरकत: मोटार एकत्र कुटुंबाची, वहिनींचा तीवर हक्क नाही. मोटारीचं काम बघणारे कारकून जाड भिंगांचे, कोरड्या आवाजाचे होते. कागद उलटसुलट करून म्हणाले, ‘‘बाई, नंबर जुळतो. पण दाखला मयताच्या नावचा, तो यांच्या हातात, आणि यांची हरकत. मी काय करणार? यांची संमती आणा, नाही तर कोर्टात जा. निकाल लागेपर्यंत गाडी आवारात उभी राहील.’’ म्हणजे उन्हापावसात, किती वर्षं ते देव जाणे. मी वन्संकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पाटीसारखा कोरा. फक्त कोपर माझ्या बरगडीत रुतलं. ‘‘इंदे, तुझ्याजवळ काय आहे ते साहेबांना दे.’’

एवढ्या पुरुषांसमोर कमरेचा कागद काढायचा म्हणजे... मी भिंतीकडे तोंड करून काढला. घामानं ओला झाला होता. कारकुनांनी तो दोन बोटांनी उलगडला आणि मोठ्यानं वाचला. ‘‘माझ्या थोरल्या वहिनींच्या मालकीच्या मोटारगाडीचा...’’ इथे ते थांबले. चष्मा कपाळावर घेतला. ‘‘नानासाहेब, अक्षर आपलंच का?’’

नानांचा वर टाकलेला पाय खाली आला. ‘‘अहो, ती पोरगी सांगत गेली आणि मी गमतीनं...’’

‘‘सही गमतीची का?’’

‘‘सही माझी आहे. पण मजकूर तिचा.’’

‘‘म्हणजे मजकूर खोटा आहे हे ठाऊक असून आपण सही केली आणि त्यावर या मुलीकडून सरकारी दाखला काढून घेतला? तसं लिहून घेऊ?’’

‘‘छे छे! खोटं कसं...’’

‘‘मग खरा.’’

बाहेर बैलांनी मान हलवली, घुंगरं वाजली. मला त्या क्षणीसुद्धा संशय होता, की हे कारकून नानांनाच सामील असतील, की पावती फाडून टाकतील, की करीमचाचा बैल घेऊन पळून जातील. तसं काही झालं नाही. कारकुनांनी एक कोरा कागद नानांपुढे सरकवला. नानांनी संमती लिहून दिली. या वेळी हसले नाहीत. दाखला त्यांनी टेबलावर ठेवला तसा मी पटकन म्हटलं, ‘‘मागताक्षणी परत करायचा होता, आम्ही मागितलाही नव्हता.’’ वन्संनी माझ्या पायावर पाय दिला. जोरात.

मग तपासनीस आवारात आले. ब्रेक दाबून पाहिले, दिवे पाहिले, सांगाड्यावर नवा कागद ठेवून पेन्सिल घासून नंबर पाहिला. शेवटी भोंग्याचा रबरी गोळा दाबला. भोंगा घोगरं ओरडला आणि त्याच्या पितळी तोंडातून कांद्याच्या सालींचा एक फवारा उडून साहेबांच्या टोपीवर बसला. साहेब शिंकले. मग म्हणाले, ‘‘वाजतो. लिहा, ठीक.’’ करीमचाचा मागे वळून दाढीत हसत होते. खांदे हलत होते, तेवढ्यावरून कळलं.

मालकीहक्काचा दाखला वन्संच्या नावानं झाला. बैल सोडले. मोटार चालवायचा परवाना वन्संनी आमच्या नकळत आधीच काढून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. इतका मोठा कट माझ्या नजरेतून निसटला याचं मला पुढे कित्येक दिवस वाईट वाटत होतं. चाचांनी पुढे जाऊन दांडा फिरवला, मोटार खोकली, थरथरली आणि सुरू झाली. परतीच्या वाटेवर तेच टांगेवाले होते. वन्संनी प्रत्येकाजवळ भोंगा दाबला. बैलजोडी आमच्या मागून रमतगमत येत होती.

ती मोटार पुढे लढाईत पेट्रोल मिळेनासं होईपर्यंत धावली. गिरणारे, मखमलाबाद, देवळाली, सिन्नर... किती पोरं तिच्यातल्या पिशवीनं जगात आणली याचा हिशेब वन्संनी ठेवला नाही. त्या पोरांच्या आयांनी एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगितली, की बाई येणार असल्या की आधी कांद्याचा वास येतो. उन्हाळ्यात तो शेवटपर्यंत यायचा.

आणि पावतीची सवय लागली. त्या दिवसापासून वन्संनी मला कोणतीही वस्तू पावतीशिवाय दिली नाही. एक फणस दिला तरी कागद पुढे करायच्या, ‘‘लिही. मिळाला म्हणून.’’ मी ‘मागताक्षणी परत करीन’ असं लिहून द्यायची, आणि फणस खाऊन टाकायची. माझा थोरला झाला तेव्हा बाळंतपण त्यांनीच केलं. मी अर्धमेली पडलेली, त्यांनी पोर माझ्या कुशीत ठेवलं आणि कानाशी वाकून म्हणाल्या, ‘‘पावती?’’ त्या वेदनेत मी इतकी हसले की टाका उसवतो की काय अशी भीती वाटली.

दहाव्यानंतर शिरीषनं त्यांचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे आणून ठेवला. म्हणाला, ‘‘आजी, यावर तुझं नाव लिहिलंय. सही कर, मिळाला म्हणून.’’ मी दचकले. तो म्हणाला, ‘‘मोठ्या आजींनीच सांगून ठेवलं होतं.’’ मी सही केली आणि डबा उघडला. पेन्सिलीनं घासलेली एक चिठ्ठी होती, नंबर अजून पांढरा. नानांची पावती होती, घामाच्या डागासकट. आणि माझ्या हातच्या सगळ्या पावत्या होत्या, दोऱ्यानं बांधलेल्या: फणसाची, इरकलीची, उधार नेलेल्या विळीची, आणि त्या पोराची, जी मी सव्वा महिन्यानं खरंच लिहून दिली होती. मी तळापर्यंत गेले. डबा उपडा करून झटकला. कागदाच्या घड्यांमध्ये बोट घालून बघितलं. मला एक कागद हवा होता. साठ वर्षांत तो त्यांनी कधीतरी लिहून ठेवला असेल, मला सापडेल असा कुठेतरी सारला असेल, असा मला दाट संशय होता...

नव्हता. आणि नसणारच, हे मला माहीत असायला हवं होतं. त्या दिवशी कचेरीतून परतताना, मोटारीच्या त्या खडखडाटात, मी धीर करून विचारलं होतं, ‘‘वन्सं, मला माफ केलंत ना?’’ त्यांनी चाकावरचा हात काढला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. टांगेवाल्यासाठी एकदा भोंगा दाबला आणि म्हणाल्या:

‘‘केलं की नाही, ते लेखी मागू नकोस, इंदे. तू कागद जन्मभर जपून ठेवशील, आणि मग मला तुझ्यावर रागावताच यायचं नाही.’’